वसईच्या एका गाळ्यात

वसईचे नाव निघाले की आमच्या घरातील वडीलधाऱ्यांस चिमाजीअप्पा आठवतात, मुलांस किल्ला आठवतो आणि सौभाग्यवतींस सुकेळी आठवतात. आम्हीही आजवर वसईस जे चार-पाच वेळा गेलो, ते ह्या तिहींपैकी एखाद्या निमित्तानेच. परंतु गेल्या मार्गशीर्षात गेलो ते एक जळालेली तार रुमालात बांधून. आणि स्टेशनावर उतरून पश्चिमेस किल्ल्याकडे न वळता पूर्वेस वळलो, जेथे सातिवली, वालीव, गोखिवरे ह्या गावांच्या शिवारांत आता कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा उभ्या आहेत. तेथे जे पाहिले त्यातील थोडे वाचकांच्याही घरी उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आधी त्या तारेची हकीकत सांगितली पाहिजे. आमच्या घरी आत्याबाई आहेत. वय वर्षे चौऱ्याऐंशी. रात्री उशाशी मोबाईल ठेवून कीर्तन ऐकावे आणि ऐकता ऐकता झोपी जावे, हा त्यांचा नित्यनेम. गेल्या श्रावणात एके दिवशी पहाटे घरात जळका वास सुटला. धावत जाऊन पाहतो तो चार्जिंगच्या तारेचे तोंड काळे पडून वितळलेले, आणि गोधडीस रुपयाएवढे भोक. आत्याबाई जाग्याच होत्या. "अरे, काही नाही, उदबत्ती पडली असेल," अशी त्याच आमची समजूत घालू लागल्या. उदबत्ती त्या रात्री कोणी लावलीच नव्हती. ती तार आम्ही स्वतः रस्त्यावरच्या एका गाडीवरून नव्वद रुपयांस आणली होती, आणि सांगितलेल्या किमतीतून दहा रुपये कमी करून घेतल्याबद्दल घरी येऊन प्रौढीही मिरवली होती. त्या दहा रुपयांची आठवण पुढे कित्येक दिवस आम्हांस सुखाने झोपू देईना.

आमच्या एका पुतण्याचा वसईस संगणकाच्या तारा बनविण्याचा लहानसा गाळा आहे. कारखाना म्हणावा इतका तो मोठा नव्हे. तयार तारेची रिळे बाहेरून आणायची, ती मापाने कापायची, टोके सोलायची, त्यांस प्लग बसवायचे, वर प्लास्टिकची मूठ ओतायची, आणि तपासून खोक्यात भरायचे, एवढेच काम. "ती तार टाकून देऊ नका, काका, घेऊनच या. तिच्या पोटात काय आहे ते पाहू," असा त्याचा निरोप आला, आणि आम्ही दादरहून विरारची गाडी धरली.

भाईंदर सोडले की हा प्रवास रम्य होतो. खाडीवर एकामागून एक असे दोन पूल लागतात आणि त्या दोहोंच्या मध्ये पाणजूचे बेट आहे. भरतीचे पाणी चढत होते, खारफुटीची झाडे गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यास मिठाची चव होती. त्या खाऱ्या वाऱ्याकडे तेव्हा आम्ही केवळ रसिकतेने पाहिले. तोच वारा तारांच्या धंद्याचा हाडवैरी आहे, हे दोन तासांनी कळले.

गाळ्यात शिरताच तापलेल्या प्लास्टिकचा आणि कथलाचा वास आला. लांब टेबलांपाशी सात-आठ बायका बसून काम करीत होत्या. कोपऱ्यात एक यंत्र एका तारेस वजन बांधून ती डावीउजवीकडे अखंड वाकवीत होते, आणि किती वेळा वाकविली ते आकडा दाखवीत होते. पुतण्याने आमच्या रुमालातील तार घेतली आणि चाकूने उभी चिरली. आत विजेच्या वाटेस बारीक तारांचे काही केसच काय ते होते. त्याने एक केस नखाने खरवडला. वर तांब्याचा रंग, आत पांढरे. "हे ॲल्युमिनियम, काका. वर तांब्याचे नुसते पांघरूण. हलके, स्वस्त, पण वीज वाहून नेण्यात तांब्याहून बरेच उणे, आणि दोनचारदा मुडपले की तुटणारे." तोंडाजवळ, जेथे तार मुठीत शिरते, तेथे निम्म्याहून अधिक केस आधीच तुटलेले होते. सगळी वीज उरलेल्या चार केसांवर आली, ते तापले, आणि पुढचे आम्ही पाहिलेच होते.

येथवर ऐकून आम्ही त्या विक्रेत्यास चार शब्द बोलून घेतले. परंतु पुतण्या हसून म्हणाला, "ही लबाडी झाली, ती सोपी गोष्ट आहे. अवघड गोष्ट निराळीच आहे. अगदी सचोटीने तार बनवायची म्हटली तरी सगळे गुण एका तारेत येत नाहीत. एक साधावे तर दुसरे निसटते. चला, दाखवतो."

प्रथम जाडीचा प्रश्न. तार जितकी बारीक तितका विजेच्या वाटेत अडथळा अधिक. बाजारात ज्या बारीक तारा खपतात त्यांतील विजेची तार सुमारे ०.३२ मिलिमीटर जाडीची असते; चांगल्या तारेत ती ०.५१ मिलिमीटरची घालतात. दिसण्यात फरक फारसा नाही, पण छेद अडीचपट होतो. पुतण्याने पाटीवर हिशोब मांडला. तार दोन मीटर लांब असेल तर वीज जाऊन परत येण्यास चार मीटर चालते. बारीक तारेत दोन अँपिअरचा प्रवाह नेताना पाच व्होल्टांपैकी १.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मोबाईलच्या तोंडी इतके उणे येऊ लागले म्हणजे तो आपला घोटच आवरता घेतो, आणि चार्जिंग रात्रभर चालत राहते. "मग जाडच तार घाला की!" आम्ही म्हणालो. त्याने एक जाड तार आमच्या हातात दिली. ती दोरीसारखी ताठ होती. गुंडाळली तर पुन्हा उलगडत होती. "ही कोणी घेत नाही. गिऱ्हाईक दुकानात तार कापून पाहत नाही, बोटांभोवती गुंडाळून पाहते. मऊ लागली की चांगली."

जाडी न वाढविता अधिक शक्ती नेण्याचा दुसरा एक मार्ग आहे, आणि तो त्याने मोठ्या गमतीने सांगितला. "तुम्ही आलात त्या गाडीच्या टपावरच माझा सगळा धंदा आहे, काका." विजेची गाडी विरारपर्यंत आली १९३६ साली, आणि कित्येक दशके तिच्या वरच्या तारेतील दाब १,५०० व्होल्ट होता. दाब थोडा म्हणजे प्रवाह मोठा, आणि प्रवाह मोठा म्हणजे तांबे भारी. पुढे दाब २५,००० व्होल्टांवर नेण्यात आला. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर हा पालट २०१२ साली पुरा झाला. तेवढ्याच शक्तीस आता सुमारे सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो. पण हे फुकट मिळाले नाही. दाब उतरविणारे अवजड यंत्र गाडीने आपल्याबरोबर वागवायचे, आणि पुलांखाली तारेपासून अंतर अधिक राखायचे, अशी किंमत द्यावी लागली. संगणकाच्या तारेतही हेच झाले. पाच व्होल्टांवर शंभर वॅट न्यायचे तर वीस अँपिअर लागतील. ते ह्या सडपातळ तारेचे काम नव्हे. म्हणून टाइप-सी जातीच्या जोडणीत दाब वीस व्होल्टांपर्यंत चढवितात, म्हणजे पाच अँपिअर पुरतात. २०२१ पासून तर अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत मजल गेली आहे. मात्र चढा दाब भलत्याच उपकरणात शिरला तर अनर्थ. म्हणून आरंभ नेहमी पाच व्होल्टांनीच होतो. मग दोन्ही बाजू एकमेकींची विचारपूस करतात, पाच अँपिअरची तार असेल तर तिच्या मुठीत बसविलेली चिप आपली ताकद सांगते, आणि मगच दाब चढतो. सोयरिकीपूर्वी चौकशी करावी तसे हे आहे. चौकशीचा खर्च होतो, पण पुढचा घात टळतो.

जोडणीची गोष्ट तारेहूनही मनोरंजक आहे. यूएसबी नावाची जी चपटी जोडणी १९९६ पासून घरोघरी झाली, तिच्या कर्त्यांपैकी एक प्रमुख, अजय भट्ट, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. ज्या लोहमार्गाने आम्ही वसईस आलो तोच पुढे त्या बडोद्यास जातो. ही जोडणी नेहमी पहिल्या खेपेस उलटीच लागते, म्हणून तिला नावे ठेवली नाहीत असा मनुष्य विरळा. पण भट्ट ह्यांनीच पुढे सांगितले आहे की, ती दोन्ही बाजूंनी लागेल अशी करावयाची तर तारा आणि मंडले दुप्पट लागली असती, आणि किंमतही. नवी वस्तू सर्वांनी स्वीकारावी तर ती स्वस्त हवी. म्हणून त्यांनी आपल्या हातांस थोडा त्रास दिला आणि खिशास वाचविले. सुलटउलट कशीही लागणारी टाइप-सी २०१४ साली आली, तेव्हा तिच्या इवल्या तोंडात चोवीस टिकल्या बसवाव्या लागल्या. जुनीत चारच होत्या.

त्या चार टिकल्यांतही एक बारकावा आहे. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन संदेशाच्या. आणि विजेच्या किंचित लांब ठेवलेल्या. प्लग खुपसताना आधी वीज लागते, मग बोलणे सुरू होते. काढताना आधी बोलणे थांबते, मग वीज सुटते. पाहुण्यास आधी पाणी द्यावे आणि मग विचारपूस करावी, ही आपल्या घरची रीत त्या टिकल्यांतही पाळलेली पाहून सौभाग्यवतींस मोठे कौतुक वाटले.

पुढे मोबाईलसाठी जी लहान मायक्रो जोडणी निघाली, तीत तर एक नीतीचाच प्रश्न सोडविलेला आहे. जोडणी घट्ट बसावी म्हणून कोठेतरी स्प्रिंग हवी, आणि जी स्प्रिंग घासते ती झिजणारच. तिच्या आधीच्या मिनी जोडणीत ती उपकरणाच्या बाजूस होती. ती झिजली की महागडे यंत्र दुरुस्तीस न्यावे लागे. मायक्रोमध्ये स्प्रिंग तारेच्या बाजूस आणली. म्हणजे झिजायचेच तर स्वस्त तारेने झिजावे, यंत्राने नव्हे. रेल्वेतही तसेच: टपावरच्या सांगाड्यास कार्बनची पट्टी असते, ती झिजते आणि मैलोगणती पसरलेली तांब्याची तार राखते. झीज टाळता येत नाही. ती कोणी सोसावी एवढेच ठरविता येते.

आता तो खारा वारा. उघड्या तांब्यावर वसईची हवा किती लवकर पुटे चढविते, हे पुतण्याने डबीत ठेवलेल्या काळवंडलेल्या टिकल्या दाखवून सिद्ध केले. सोने गंजत नाही म्हणून टिकल्यांवर सोन्याचा मुलामा देतात, आणि तांबे त्यातून वर झिरपू नये म्हणून मध्ये निकेलचा थर घालतात. पण सोने ते सोने. चांगल्या टिकलीवरही त्याचा थर पाऊण मायक्रॉनच्या आसपास असतो. स्वस्तात तो नुसता रंगापुरता उरतो आणि थोड्याच घालकाढीत झिजून जातो. शिवाय एका बाजूस सोने आणि दुसऱ्या बाजूस कथील अशी जोडी जमवू नये; दमट हवेत ती लवकर बिघडते. "खोक्यावर 'सोन्याच्या पिना' म्हणून छापतात, तेव्हा सोने किती जाड ते कोणी छापीत नाही," असे तो म्हणाला.

शेजारच्या टेबलावर इंटरनेटच्या तारा होत होत्या. त्यांत आठ तारा असतात. दोन-दोन मिळून चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीस पीळ. टेलिफोनच्या तारांस पीळ देण्याची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांची. पेटंट १८८१ सालचे. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि पलीकडच्या टोकास वजा होऊन जातो. चारही जोड्यांचे पीळ मात्र निरनिराळे, नाही तर त्या एकमेकींचेच बोलणे ऐकू लागतील. पीळ जितका दाट तितके तांबे अधिक लागते; आणि प्लग बसविताना तो अर्ध्या इंचाहून अधिक उकलला तर सारे व्यर्थ. तेथे बसलेल्या एक वयस्क मावशी तो अर्धा इंच पट्टीवाचून, केवळ नखाच्या अंदाजाने राखीत होत्या. एवढ्या काळजीने केलेली ही तार शंभर मीटरपर्यंत संदेश नेते. वेग वाढला की मर्यादा आखडते: अतिवेगाच्या काही टाइप-सी तारा मीटरभरही लांब करता येत नाहीत. लांबी आणि वेग ह्या दोन सवती आहेत.

वाचकांपैकी काहींस जुनी छापण्याच्या यंत्राची तार आठवत असेल. पंचवीस टिकल्यांची, अंगठ्याएवढी जाड. पुष्कळ तारा म्हणजे पुष्कळ वेग, असा तेव्हा समज होता. पण पंगतीत अनेक वाढपी असले तरी सर्वांचे वाढून झाल्यावाचून पंगत बसत नाही, म्हणजे सगळी पंगत सर्वांत सावकाश वाढप्यावर अडून राहते. वेग वाढला तसे त्या पुष्कळ तारांतील संदेश मागेपुढे पोहोचू लागले. मग तारा कमी करून एकेकीस चपळ करणे शहाणपणाचे ठरले.

जेवावयास पुतण्याच्या घरी गेलो. पाने वाढली होती, पण त्याचे मन पानावर नव्हते. शेवटी सूनबाईंनीच विषय काढला. गाळ्याचे हिशोब त्या पाहतात. एका मोठ्या घेणाऱ्याकडून वर्षभराची मागणी आली होती. तार दोन मीटर, बोटांस मऊ, आणि दर ठरलेला. त्या दरात पूर्ण तांब्याची जाड तार बसत नव्हती; बारीक बसत होती; आणि मुलामा दिलेले ॲल्युमिनियम घातले तर चांगला नफा होता. मागणी सोडली तर टेबलांवरच्या सात-आठ बायकांपैकी तिघींस घरी बसवावे लागणार. "काका, घेणाऱ्याने ॲल्युमिनियम घाला असे म्हटलेले नाही," पुतण्या म्हणाला, "नको असेही म्हटलेले नाही. दर मात्र असा बांधला आहे की मीच ते समजून घ्यावे."

आम्ही काय बोलणार? आम्ही दहा रुपये कमी करून घेतले होते. असे दर शेवटी कोण बांधते, हे त्या पानावर बसून आम्हांस पुरते कळले होते.

तोडगा निघाला तो सूनबाईंच्या तोंडून. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," त्या म्हणाल्या, "दोन मीटरांचा हट्ट का? एक मीटर करू आणि जाड करू." पुतण्याने हात धुण्याआधीच हिशोब केला. दोन मीटर बारीक तारेऐवजी एक मीटर जाड तार घेतली तर तांबे सुमारे सव्वापट लागते. पण वाटेतील घट १.७ व्होल्टांवरून ०.३४ व्होल्टावर, म्हणजे पाचव्या हिश्शावर येते. वरचे आवरण निम्मे लागते, आणि त्यातून जे वाचते त्यात मुठीमागे एक लांब, खाचांची मान बसविता येते, म्हणजे तार एकाच जागी मुडपून तुटत नाही. वस्तू तोकडी दिसेल, ताठही लागेल. पण खरी राहील. "घेणारा मानील का?" आम्ही विचारले. "नमुना पाठवून पाहतो," तो म्हणाला. त्या 'पाहतो'मध्ये तीन घरांचे वर्ष होते.

परतीची गाडी संध्याकाळची होती, म्हणून पारनाक्यावरून किल्ल्यात जाऊन आलो. वसईचा हा कोट पोर्तुगीजांनी बांधून काढलेला. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली होती. त्यास एक दरवाजा जमिनीकडचा आणि एक समुद्राकडचा. दर्यादरवाजातून खाडीकडे पाहत उभे असता पुतण्या म्हणाला, "हे दोन दरवाजे म्हणजे ह्या कोटाच्या दोन जोडण्या." बोलणे थट्टेचे, पण आम्हांस ते खरे वाटले. जोडणी हवी, कारण तिच्यावाचून बाहेरच्या जगाशी व्यवहार नाही. आणि जोडणी हीच भीतीची जागा, म्हणून सगळी सजावट व सगळा पहारा तेथे. पण १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या सैन्याने कोट फोडला तो दरवाजा ठोकून नव्हे. त्यांनी सॅन सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग लावले आणि तेथे खिंडार पडले. आमची तारही तोंडाशी सोनेरी होती आणि मुठीच्या आत, जेथे कोणाची दृष्टी जात नाही, तेथे पोकळ होती. वस्तू घेताना आपण दरवाजा पाहतो. ती टिकते किंवा फुटते ती बुरुजाच्या पायाशी.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती की, तार घेताना बोटांभोवती गुंडाळून पाहण्याआधी मुठीमागची मान पाहावी. लागते त्याहून लांब तार घेऊ नये. जिची मूठ तापते ती तार त्याच दिवशी टाकावी. आणि कोणतीही तार अंथरुणात घेऊन निजू नये. किमतीबद्दल आम्ही काही सांगत नाही. तो अधिकार आम्ही श्रावणात गमावला.

घेणाऱ्याचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही. पुतण्याने नमुन्यांपैकी एक तार आत्याबाईंसाठी दिली. ती मीटरभरच असल्याने भिंतीवरील खटक्यापासून त्यांच्या उशीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मोबाईल आता पलंगाशेजारच्या स्टुलावर असतो आणि कीर्तन किंचित दुरून ऐकू येते. "आखूडच आणलीस की रे," असे त्या रोज रात्री म्हणतात. आम्ही काही उत्तर देत नाही. त्या झोपल्या म्हणजे एकदा जाऊन मुठीस हात लावून पाहतो. ती थंड असते.